एक रूळ, दोन गाड्या

एकेरी मार्गावरच्या लहान स्थानकातून न थांबता जाणाऱ्या गाडीचा चालक वेताच्या मोठ्या कडीला बांधलेली चामडी पिशवी धावत्या इंजिनातून झेलून घेई, हे दृश्य आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. लहानपणी त्या पिशवीत काय आहे असे आम्ही विचारले, की 'गोळा' एवढेच उत्तर मिळे. हा गोळा म्हणजे पुढच्या स्थानकापर्यंतचा रूळ मोकळा असल्याचा परवाना. त्याची कहाणी इंग्लंडमधील एका अपघातापासून सुरू होते.

१० सप्टेंबर १८७४ च्या रात्री नॉर्विचजवळ थॉर्प येथे एकेरी रुळावर दोन गाड्या समोरासमोर आदळल्या. २५ माणसे दगावली. त्या मार्गावरचा कारभार तारायंत्राच्या संदेशांवर चाले. नॉर्विचच्या निरीक्षकाने ब्रंडॉलहून मेल सोडण्याचा संदेश सांगितला, पण त्यावर सही केली नव्हती. सहीशिवाय संदेश जाणार नाही, असे समजून त्याने इकडून एक्स्प्रेस सोडली. तारबाबूने मात्र तो संदेश आधीच पाठवला होता. चूक लक्षात आल्यावर तार केली, तेव्हा मेल सुटल्याचे उत्तर आले. आता गाड्या थांबवण्याचा मार्गच उरला नव्हता.

मग प्रत्येक टप्प्यासाठी एकच काठी ठेवावी आणि ती असेल तोच चालक जाईल, असे का करू नये? ही पद्धत होतीही. पण एकाच दिशेने लागोपाठ दोन गाड्या सोडायच्या असतील तर पहिली गाडी काठी घेऊन जाते आणि दुसरी अडून बसते.

एडवर्ड टायर यांनी १८७८ साली यावर विजेचा उपाय शोधला. टप्प्याच्या दोन्ही टोकांना एकेक यंत्र, दोन्ही तारेने जोडलेली, प्रत्येकात अनेक चकत्या. पलीकडच्या माणसाने कळ दाबून विद्युतप्रवाह पाठवला तरच अलीकडची चकती निघते. एक चकती बाहेर आली की दोन्ही यंत्रे कुलूपबंद होतात. ती पुन्हा यंत्रात पडेपर्यंत दुसरी निघत नाही. चकत्या अनेक, पण एका वेळी बाहेर एकच! भारतात रूढ झालेले नील यांचे गोळ्याचे यंत्र याच तत्त्वावर चालते.

तरीही २६ जानेवारी १९२१ रोजी वेल्समध्ये ॲबरम्यूल येथे दोन गाड्यांची टक्कर होऊन १७ जण मेले. यंत्र बिघडले नव्हते. माँटगोमरीहून आलेल्या गाडीची जुनी चकती स्थानकावर हातोहात फिरली आणि पुढच्या टप्प्याची समजून त्याच चालकाला परत मिळाली. चकतीवर स्थानकांची नावे कोरलेली होती. ती कोणी वाचली नाहीत. पुढच्या टप्प्याची खरी चकती समोरून येणाऱ्या एक्स्प्रेसकडे होती. यानंतर यंत्र सिग्नलमनच्याच ताब्यात असावे आणि गाडी सुटण्याचा सिग्नल यंत्राशी जोडलेला असावा, यावर भर दिला गेला. चकती रीतसर निघाल्याशिवाय सिग्नलच पडणार नाही, अशी ही योजना.

वर्गात दोन बाकांना स्थानके माना, मधल्या वाटेला रूळ. आधी एका काठीने, मग नियम पाळून अनेक चकत्यांनी गाड्या सोडा. नंतर एका मुलाला जुनी चकती गुपचूप परत द्या. ती त्याने वाचली का, हे इतरांना पाहू द्या. वाचली नसेल, तर त्याला थांबवणारे यंत्र कसे असावे, हे मुलांनाच सुचवू द्या.