हौज खासच्या काठी

दिल्ली पाहावयास येणारा प्रवासी बहुधा लाल किल्ला आणि कुतुबमिनार या दोन टोकांमध्येच आपला दिवस संपवितो. त्यांच्या मधल्या प्रदेशात, ग्रीन पार्क वसाहतीच्या पश्चिमेस, एक विस्तीर्ण तलाव आहे व त्याच्या काठावर सहा शतकांहून जुने विद्यालय उभे आहे, याची त्याला दादही नसते. वास्तविक तेथे जाण्यास चढण चढावी लागत नाही की वाटाड्या शोधावा लागत नाही. ग्रीन पार्कच्या मेट्रो स्थानकापासून वीस-पंचवीस मिनिटांची सपाट वाट आहे; वृद्धांनीही सहज चालावी अशी. हौज खास गावाची अरुंद गल्ली जेथे संपते तेथे प्राचीन वास्तूचे प्रवेशद्वार लागते. आत हिरवळ, तिच्यावर विखुरलेल्या घुमटाकार छत्र्या आणि पलीकडे दगडी खांबांची एक ओळ. जमिनीच्या बाजूने ही इमारत एकमजली वाटते. पण खांबांमधून पुढे जाऊन सज्जात उभे राहावे, तो पायाखाली आणखी एक मजला असल्याचे ध्यानात येते आणि त्याच्याही खाली, झाडांच्या कड्यात, पाणी पसरलेले दिसते. इतक्या थोड्या श्रमात इतके रमणीय दृश्य दिल्लीत दुसरीकडे क्वचितच मिळेल.

‘हौज’ हा शब्द मराठी माणसाला परका नाही. आपल्या वाड्यावाड्यांतील हौद आणि दिल्लीचा हा हौज ही एकाच अरबी शब्दाची दोन रूपे होत. ‘खास’ म्हणजे राजाचा. परंतु मूळ नाव होते हौज-इ-अलाई. आणि ज्या अलाउद्दीन खिलजीच्या नावावरून ते पडले, त्याची महाराष्ट्राशी पडलेली गाठ सर्वश्रुत आहे. १२९६ मध्ये, कडा प्रांताचा सुभेदार असताना, त्याने अकस्मात देवगिरीवर झडप घातली, रामदेवराव यादवाकडून अगणित द्रव्य घेतले आणि त्याच द्रव्याची उधळण करीत दिल्लीचे तख्त गाठले. हा तलाव त्याच राजवटीत खोदला गेला. यादवांच्या खजिन्यातील किती मोहरा या मातीत जिरल्या याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. पण देवगिरीचे सोने नसते, तर अलाउद्दीनचा दिल्लीपर्यंतचा मार्ग इतका सुकर झाला नसता, हे खरे.

तलावाची गरज मात्र खरीखुरी होती. यमुना जुन्या दिल्लीपासून दूर. आणि अरवलीच्या शेवटच्या फाट्यांच्या आसऱ्याने वसलेली तेव्हाची नगरे कोरड्या माळावर. म्हणून अल्तमशाने मेहरौलीस हौज-इ-शम्सी बांधला आणि अलाउद्दीनने, सिरी या आपल्या नव्या राजधानीला पाणी पुरावे म्हणून, तिच्या पश्चिमेस हा त्याहूनही मोठा जलाशय निर्माण केला. त्याची लांबी-रुंदी सुमारे सातशे व सहाशे मीटर होती. त्याला जिवंत झरा नाही. भोवतालच्या उंचवट्यांवर पडणारा पाऊस चरांनी आणून साठवावयाचा आणि त्यावर पुढील पावसाळ्यापर्यंत नगराने तहान भागवावयाची, अशी ही व्यवस्था. तिचा सारा जीव त्या चरांत होता. चर मोकळे तर तलाव भरलेला. चर बुजले की तलाव म्हणजे एक मोठा खड्डा.

चौदाव्या शतकाच्या चौथ्या दशकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दिल्लीस आला तेव्हा या काठावर गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांची वस्ती होती. तिला तरबाबाद, म्हणजे आनंदनगर, म्हणत. काठाने चाळीसएक घुमट, बाजार आणि मशीद असल्याचे तो सांगतो. रमजानच्या रात्री तेथील गायिका एकत्र जमून नमाज पढतात, असेही त्याने ऐकले होते आणि ते त्याने मोठ्या कुतूहलाने नोंदविले.

त्यानंतर फार तर वीस वर्षे गेली असतील. १३५१ मध्ये फिरोजशहा तुघलक गादीवर आला, तेव्हा या हौजात पाणीच नव्हते. फिरोजशहाने आपल्या कारकीर्दीचा वृत्तांत स्वतः लिहून ठेवला आहे. त्यात तो म्हणतो की, हौज गाळाने भरून गेला होता, लोक त्याच्या पोटात शेती करीत, तेथेच विहिरी खणून त्यांचे पाणी विकत. मेहरौलीच्या हौजाचे चर तर काही लोकांनी बुद्ध्याच बुजविले होते. त्यांना आपण कडक शासन केले, असेही तो सांगतो.

ही चार वाक्ये एखाद्या दीर्घ पोवाड्यापेक्षा अधिक बोलकी आहेत. जे पाणी साऱ्या नगराचे, तेच आटवून त्याच जागी घागरीच्या भावाने विकावयाचे! तथापि त्या शेतकऱ्यांना सरसकट दुष्ट म्हणणेही न्याय्य नव्हे. तलावाचा गाळ म्हणजे अव्वल दर्जाची जमीन; वर माती सकस आणि खाली ओल कायम. राज्यकर्ता बेसावध असला तर अशा जमिनीवर नांगर चालणारच. पुण्यास पर्वतीच्या पायथ्याशी नानासाहेब पेशव्यांनी केलेल्या तळ्याच्या जागी आज सारसबाग आहे. तळ्याचे पोट कोरडे पडले की त्याला दुसरा धनी मिळावयास वेळ लागत नाही.

फिरोजशहाने गाळ उपसून हौज पुन्हा भरता केला. एवढ्यावर न थांबता १३५२ च्या सुमारास त्याने दक्षिण व पूर्व काठांवर, काटकोनात वळलेले, मोठे विद्यालय उभारले. झियाउद्दीन बरनीने त्याची मुक्तकंठाने स्तुती केली आहे. काटकोनाच्या नेमक्या कोपऱ्यात सुलतानाने स्वतःची कबर योजिली. १३८८ मध्ये तो तेथेच विसावला. ही वास्तू अलंकारांच्या बाबतीत कृपण आहे. करड्या दगडाच्या जाड भिंती, वर घुमट, आणि दारासमोर दगडी खांब व आडवे पट्टे यांचे एक बुटके कुंपण. सांचीच्या स्तूपाभोवतीची वेदिका ज्याने पाहिली असेल, तो या कुंपणापाशी क्षणभर थबकल्यावाचून राहणार नाही.

दहा वर्षांनी, डिसेंबर १३९८ मध्ये, या काठावर निराळेच पाहुणे आले. सुलतान महमूदाच्या सैन्याचा धुव्वा उडवून तैमूरलंगाने याच ठिकाणी तळ दिला. त्याच्या नावावर असलेल्या आत्मवृत्तात तलावाचे वर्णन आहे: प्रत्येक बाजू बाणाच्या टप्प्याहून लांब, पावसाळ्यात भरतो आणि वर्षभर नगराला पाणी पुरवितो. लढाईपूर्वी हजारो कैद्यांची कत्तल करणारा आणि पुढे दिल्ली बेचिराख करणारा हा पुरुष पाण्याच्या व्यवस्थेकडे इतक्या जाणतेपणाने पाहतो, याचा विस्मय वाटतो. विशेष हे की, तलाव फिरोजशहाने बांधला असे त्यात म्हटले आहे. शंभर वर्षांच्या आतच अलाउद्दीनचे नाव मागे पडले होते. खोदणाऱ्याचे श्रेय गाळ काढणाऱ्याकडे गेले, आणि तेही फारसे अन्यायाचे झाले असे म्हणवत नाही.

पुढील इतिहास थोडक्यात सांगता येण्याजोगा आहे. १५०७ च्या सुमारास सिकंदर लोदीने कबरीची दुरुस्ती केली. पुढे शहाजहानने यमुनेच्या काठी नवे नगर वसविले, दरबार तिकडे गेला आणि या हौजाच्या पाण्यावाचून कोणाचे अडेनासे झाले. चर बुजले. पडक्या ओवऱ्यांच्या आडोशाने एक खेडे वसले. विसाव्या शतकात दिल्ली शहर चहूबाजूंनी वाढत येऊन त्या खेड्याला भिडले. पाणलोटाच्या जमिनीवर घरे उठली आणि तलाव पुन्हा कोरडा पडला. १९८० नंतर खेड्यातील घरांची कपड्यांची दुकाने आणि उपाहारगृहे झाली.

आज दिसणारे पाणी एकविसाव्या शतकाच्या आरंभी आलेले आहे. वसंत कुंज भागातील सांडपाणी शुद्ध करून या हौजात सोडण्याची योजना झाली, आणि मूळ विस्ताराच्या एका भागात का होईना, तलाव पुन्हा भरला. पूर्वी हौज नगराला पाणी देई. आता नगर आपले वापरलेले पाणी हौजाला देते. ते पाणी पुष्कळदा हिरवट असते, उन्हाळ्यात त्याला वासही येतो. शुद्धीकरणात कसूर झाली की मासे मरतात. तरीही बदके पोहत असतात आणि सायंकाळी काठाच्या पायवाटेवर फिरणाऱ्यांची वर्दळ असते. विद्यालयाच्या खालच्या मजल्यावरून उतरणाऱ्या पायऱ्या अजून शाबूत आहेत. विद्यार्थी त्यांवरून थेट पाण्यापर्यंत जात असत. आता शेवटची पायरी जमिनीवर टेकते आणि पाण्याची कड तिच्यापुढे काही अंतरावर सुरू होते.