भय : ख्रिस्ती दृष्टिकोन

संकटाची चाहूल लागताच मनात व शरीरात उमटणाऱ्या भावनेला भय म्हणतात. ख्रिस्ती धर्मविचारात तिच्याकडे तीन अंगांनी पाहिले जाते : माणसाची स्वाभाविक प्रतिक्रिया, देवाबद्दलचा आदरयुक्त धाक आणि माणसाला कर्तव्यापासून व शेजाऱ्यापासून तोडणारी भीती. यांपैकी पहिली निर्दोष, दुसरी इष्ट आणि तिसरी घातक मानली जाते. भय वाटले म्हणजे श्रद्धा कमी पडली, असा समज अनेक भाविकांत आढळतो. बायबल व परंपरेतील प्रमुख विचारवंत मात्र त्याला दुजोरा देत नाहीत. भयापोटी माणूस काय करतो आणि कोणाला सोडून जातो, याकडे त्यांचे अधिक लक्ष आहे.

जुना करार

बायबलमधील भयाचा पहिला उच्चार उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात आहे. आज्ञा मोडल्यावर आदाम झाडांआड दडतो आणि देवाची हाक आल्यावर भ्यालो म्हणून लपलो, अशी कबुली देतो. लपणे आणि दोष दुसऱ्यावर ढकलणे या दोन्ही गोष्टी त्या भयातूनच निघतात.

याच्या उलट टोकाला ‘परमेश्वराचे भय’ ही कल्पना आहे. नीतिसूत्रे या ग्रंथात तिला ज्ञानाचा आरंभ म्हटले आहे. तिचा व्यवहारातला अर्थ निर्गमच्या पहिल्या अध्यायातील शिप्रा व पुवा या सुइणींच्या कथेत दिसतो. इब्री स्त्रियांना मुलगा झाला तर त्याला मारून टाका, असा मिसरचा राजा फारो याचा हुकूम त्यांना मिळतो. त्या देवाला भिणाऱ्या असल्यामुळे हुकूम पाळत नाहीत आणि जाब विचारला जातो तेव्हा वेळ मारून नेतात. देवाचा धाक राजाच्या धाकावर मात करतो, ही बायबलमध्ये पुढे वारंवार येणारी मांडणी येथे प्रथम दिसते.

भ्यालेल्या माणसाशी देव कसा वागतो याचे ठळक उदाहरण एलीया संदेष्ट्याचे आहे (१ राजे १९). ईजबेल राणीने जिवे मारण्याची धमकी देताच तो पळ काढतो, रानातल्या झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. तेथे त्याला उपदेश मिळत नाही. दूत त्याला उठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाण्याची सुरई देतो. तो खातो, पुन्हा झोपतो आणि पुन्हा उठून खातो. देवाशी संवाद होतो तो यानंतर, होरेब डोंगरावर. अन्न व झोप आधी आणि बोध मागाहून, हा क्रम ख्रिस्ती समुपदेशक आजही दाखवून देतात.

स्तोत्रसंहितेत भय झाकलेले नाही. छप्पन्नाव्या स्तोत्राचा कवी आपण भितो हे मान्य करतो आणि त्याच दमात विश्वासाची भाषा बोलतो. तेविसाव्या स्तोत्रात मेंढपाळ म्हणून वर्णिलेल्या देवाचा उल्लेख आधी ‘तो’ असा येतो. अंधाऱ्या दरीचा प्रसंग येताच कवी त्याला ‘तू’ म्हणू लागतो. दरी टळेल असे आश्वासन स्तोत्रात नाही. आहे ते सोबतीचे.

नवा करार

‘भिऊ नको’ हे आश्वासन बायबलमध्ये ३६५ वेळा, म्हणजे वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एकदा येते, असे प्रवचनांतून सांगितले जाते. प्रत्यक्ष मोजणीत ही संख्या भरत नाही. तरीही येशूच्या जन्माची वार्ता सांगणाऱ्या दूतांपासून रिकाम्या कबरेपर्यंत हे शब्द शुभवर्तमानांत ठिकठिकाणी येतात, हे खरे.

मार्कच्या चौथ्या अध्यायात वादळात सापडलेले शिष्य नावेच्या मागच्या भागात झोपलेल्या येशूला उठवतात. वादळ शमल्यावर त्यांचे भय ओसरत नाही, उलट वाढते. आता ते लाटांना भीत नसून वाऱ्याला आज्ञा करणाऱ्याला भितात. मत्तयच्या सहाव्या अध्यायात उद्याच्या अन्नवस्त्राच्या चिंतेवर, तर दहाव्यात छळाच्या भीतीवर शिकवण आहे. येशू भ्याला होता, हेही शुभवर्तमाने लपवत नाहीत. गेथशेमाने बागेत तो व्याकूळ होतो, मित्रांना जागे राहण्याची विनंती करतो आणि हा प्याला टळावा अशी प्रार्थना करतो. त्याच रात्री आवारातल्या शेकोटीजवळ एका दासीच्या प्रश्नाने गांगरून त्याचा शिष्य पेत्र त्याला नाकारतो. भय दोघांनाही वाटले. एक उभा राहिला, दुसऱ्याने ओळख नाकारली. पुढे योहानाच्या शुभवर्तमानात त्याच पेत्राकडे मेंढरे राखण्याचे काम सोपवले जाते.

पुनरुत्थानानंतरही शिष्य दारे लावून बसलेले आढळतात. मार्कच्या शुभवर्तमानाची सर्वांत जुनी हस्तलिखिते तर कबरेपासून पळणाऱ्या स्त्रिया भ्याल्या होत्या, या वाक्यावरच संपतात. पत्रवाङ्मयात योहानाचे पहिले पत्र पूर्ण प्रीती भीतीला हाकलून देते असे मांडते, तर पौल फिलिप्पैकरांस चिंता सोडण्याचा उपदेश तुरुंगातून करतो. दुसऱ्या बाजूला प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायात नाश होणाऱ्यांच्या यादीत पहिले नाव भेकडांचे आहे. छळाच्या काळात विश्वास सोडणाऱ्यांना तो इशारा होता, असे अभ्यासक त्याचे स्पष्टीकरण देतात.

हौतात्म्याचा काळ

रोमन छळामुळे हा प्रश्न तात्त्विक राहिला नाही. दुसऱ्या शतकातील स्मुर्णाचा बिशप पॉलिकार्प याच्या हौतात्म्यवृत्तात फ्रिगियाच्या क्विंटसची हकिगत आहे. हा गृहस्थ आपण होऊन अधिकाऱ्यांपुढे गेला, इतरांनाही घेऊन गेला आणि श्वापदे पाहताच कच खाऊन त्याने देवतांना बळी अर्पण केला. स्वतः पॉलिकार्प मात्र मित्रांच्या आग्रहाखातर शेतावरच्या घरी लपला होता. पकडला गेल्यावर तो डगमगला नाही. वृत्त लिहिणारी मंडळी आपण होऊन मरण ओढवून घेण्याची प्रशंसा करीत नाही.

सम्राट डेशियसच्या काळात, २५० च्या सुमारास, हजारो ख्रिस्ती लोकांनी जीव वाचवण्यासाठी बळी अर्पण केले किंवा तशी प्रमाणपत्रे विकत घेतली. छळ थांबल्यावर त्यांना परत घ्यायचे की नाही, यावरून मंडळीत फूट पडली. कार्थेजचा बिशप सिप्रियन स्वतः त्या छळात अज्ञातवासात गेला होता. प्रायश्चित्तानंतर त्यांना परत घ्यावे, असा मार्ग त्याने काढला आणि पश्चिमेकडील चर्चमध्ये तोच रूढ झाला. पुढे २५८ मध्ये सिप्रियनचा शिरच्छेद झाला.

भयाचे वर्गीकरण

संत ऑगस्टीनने (३५४–४३०) योहानाच्या पहिल्या पत्रावरील प्रवचनांत दासाचे भय आणि निर्मळ भय असा भेद केला. त्याचे उदाहरण दोन पत्नींचे आहे. एक व्यभिचारी असून पती येईल म्हणून भिते; दुसरी एकनिष्ठ असून पती दूर जाईल म्हणून भिते. प्रीती हाकलून देते ते पहिले भय, दुसरे टिकून राहते, अशी त्याची सोडवणूक आहे. संत बेनेडिक्टच्या मठनियमातील सातवा अध्याय याच धर्तीवर भयाने सुरू होणारी नम्रतेची शिडी भयरहित प्रीतीपर्यंत नेतो.

टॉमस अक्वायनसने (१२२५–७४) सुम्मा थिऑलॉजिका या ग्रंथात भय ही मूलतः निर्दोष भावना मानली. ख्रिस्ताच्या ठायीही ती होती, असे तो सांगतो. विवेकाने जे सोसायला हवे ते टाळायला लावणारे भय त्याच्या मते सदोष ठरते. त्याने निर्भयतेचीही दोषांत गणना केली आहे, कारण प्राण व प्रियजन यांविषयी काहीच न वाटणाऱ्याला भीती वाटत नाही. धैर्याचे मुख्य लक्षण हल्ला करण्यापेक्षा टिकून राहण्यात आहे, असे त्याचे मत आहे. यशयाच्या अकराव्या अध्यायाच्या आधारे पवित्र आत्म्याची जी सात दाने मानली जातात, त्यांत परमेश्वराचे भय हे एक आहे. कॅथलिक चर्चमध्ये दृढीकरण संस्काराच्या वेळी त्यांसाठी प्रार्थना केली जाते.

ल्यूथर आणि साथीचे भय

धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) मठात गेला तोच भयापोटी. २ जुलै १५०५ रोजी श्टोटर्नहाइम गावाजवळ वीज पडली, तेव्हा त्याने संत ॲनाचा धावा करून संन्यासी होण्याचा नवस बोलला. पुढची अनेक वर्षे रागीट न्यायाधीश असलेल्या देवाची धास्ती त्याच्या मनात होती. देवाची कृपा विश्वासाने मिळते, कमवावी लागत नाही, हा त्याचा सिद्धांत याच धास्तीला मिळालेले उत्तर होता.

१५२७ मध्ये विटेनबर्गला प्लेग आला. विद्यापीठ येना येथे हलवण्यात आले. ल्यूथर गरोदर पत्नीसह मागे राहिला आणि त्याच्या घराचे इस्पितळ झाले. प्राणघातक साथीतून पळून जावे काय, या विषयावर त्याने तेव्हा लिहिलेल्या पुस्तिकेत भीतीची उघड चर्चा आहे. ज्याच्यावर कोणाचा भार नाही त्याने खुशाल जावे, त्यात पाप नाही. धर्मोपदेशक, अधिकारी, तसेच आजाऱ्याची दुसरी सोय नसताना त्याचा शेजारी, यांनी मात्र जाऊ नये. औषध घ्यावे, घराला धुरी द्यावी, गरज नसेल तेथे फिरकू नये. काळजी न घेता वावरणे म्हणजे देवाची परीक्षा पाहणे, असे तो बजावतो. कोविड–१९ च्या साथीत ही पुस्तिका पुन्हा चर्चेत आली.

आधुनिक विचार

डॅनिश तत्त्वज्ञ सरेन कीर्केगॉरने १८४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात भीती व चिंता यांत फरक केला. भीतीला विशिष्ट विषय असतो. चिंता माणसाच्या स्वातंत्र्यातून, आपण काहीही करू शकतो या जाणिवेतून येते. धर्मशास्त्रज्ञ पाउल टिलिखने १९५२ मध्ये मृत्यूची, अपराधाची आणि निरर्थकतेची अशा चिंतेच्या तीन जाती सांगितल्या. त्यांवर उपचाराने मात करता येत नाही, त्या सोबत घेऊनच जगण्याचे धैर्य लागते, असे त्याचे प्रतिपादन आहे.

मार्टिन ल्यूथर किंग यांच्या आयुष्यातील एक रात्र या संदर्भात नेहमी सांगितली जाते. अमेरिकेतील माँटगोमेरी शहरात वर्णभेदाविरुद्धचा बस-बहिष्कार सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते. जानेवारी १९५६ मध्ये मध्यरात्री त्यांना ठार मारण्याची धमकी देणारा फोन आला. झोप उडाली तेव्हा ते स्वयंपाकघरात गेले, कॉफी केली आणि मानहानी न होता यातून कसे बाहेर पडता येईल याचा विचार करीत बसले. मग आपले बळ संपले असल्याची कबुली त्यांनी मोठ्याने प्रार्थनेत दिली. तेव्हा न्यायासाठी उभे राहा, मी सोबत आहे, असे आतून जाणवले, असे त्यांनी पुढे लिहिले. काही दिवसांतच, ३० जानेवारीला, त्यांच्या घरावर बाँब पडला. घरात असलेली पत्नी व तान्ही मुलगी बचावली आणि अंगणात जमलेल्या संतप्त जमावाला किंग यांनी शांतपणे घरी पाठवले.

भयाचा गैरवापर

चर्चने भयाचा साधन म्हणून वापरही केला. धर्मोपदेशक जॉनथन एडवर्ड्सने ८ जुलै १७४१ रोजी एनफिल्ड येथे नरकाविषयी दिलेल्या प्रवचनात श्रोत्यांचा आक्रोश इतका वाढला की त्याला मध्येच थांबावे लागले. फ्रेंच इतिहासकार झां दल्युमो याने १९७८ व १९८३ मधील ग्रंथांत, पश्चिम युरोपात शतकानुशतके पापाचे व शिक्षेचे भय कसे बिंबवले गेले याचा इतिहास लिहिला. याचा एक परिणाम म्हणजे क्षुल्लक गोष्टीतही पाप दाखवणारी, पुन्हापुन्हा कबुली द्यायला लावणारी धास्ती. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला १५२२ मध्ये मानरेसा येथे या धास्तीने आत्महत्येच्या विचारापर्यंत पोचला होता. जुनी पापे पुन्हा कबूल न करण्याचा निश्चय केल्यावरच तो सुटला. आज अशा लक्षणांना मनोविकारतज्ज्ञ मंत्रचळेचा एक प्रकार मानतात.

भयाशी सामना : आचार

परंपरेतील उपाय मुख्यतः सवयीचे आहेत. मठांतील रात्रीच्या प्रार्थनेत एक्क्याण्णवावे स्तोत्र म्हणण्याची जुनी प्रथा आहे. इग्नेशियसच्या आध्यात्मिक साधना (१५४८) या पुस्तकातील दोन नियम विशेष उपयोगाचे मानले जातात : मन खचलेले असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये, आणि भीती गुप्त न ठेवता जाणत्या माणसाला सांगावी. पापनिवेदन, आजाऱ्यांना तेल लावण्याचा संस्कार, मंडळीतील घरभेटी यांतून हेच साधले जाते.

महाराष्ट्रात या आचारांना स्थानिक रूप मिळाले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला, तेव्हा वांद्र्याच्या गावठाणांत ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांनी साथीपासून रक्षण व्हावे म्हणून वाटांवर क्रूस उभारले. त्यांपैकी काही आजही उभे आहेत. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेना या प्रार्थनेला सर्व धर्मांचे लोक येतात आणि घर, हात, पाय अशा आकारांच्या मेणाच्या वस्तू वाहतात. ज्याची धास्ती आहे ती गोष्ट चारचौघांत, हातात धरता येईल अशा रूपात मांडली जाते. धर्मांतरितांचे भय वेगळे होते. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर वाळीत पडण्याची व ताटातुटीची जी घालमेल त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी सोसली, तिचे चित्रण लक्ष्मीबाईंच्या स्मृतिचित्रे या आत्मचरित्रात आहे.

श्रद्धा आणि उपचार

काही मंडळ्यांत भयाला दुष्ट आत्म्याचे काम ठरवून केवळ प्रार्थनेने घालवण्यावर भर असतो. कॅथलिक व बहुतेक प्रॉटेस्टंट चर्चमध्ये मात्र औषध व मानसोपचार श्रद्धेच्या विरोधात मानले जात नाहीत. छातीत धडधड, दम कोंडणे, घराबाहेर पडणे टाळणे, आठवडेच्या आठवडे झोप न लागणे अशी लक्षणे असतील तर पाळकाने रुग्णाला डॉक्टरकडे पाठवावे आणि स्वतः भेटत राहावे, ही समंजस रीत समजली जाते. अशा माणसाला विश्वास वाढवण्याचा सल्ला दिला तर मूळ भीतीत अपराधभावनेची भर पडते आणि तो मंडळीपासूनही तोंड लपवू लागतो. म्हणून भ्यालेल्याला एकटे न सोडणे हे समुपदेशनाचे पहिले काम ठरते. उपदेशाची वेळ त्यानंतर येते.