बैलगाडी तीच, बसणारे बदलले : डिझेलच्या दराचा पन्नास वर्षांचा हिशोब



डिझेलचा दर वाढला की सगळ्यात आधी शिव्या कोण खातं? पंपावर नळी धरून उभा असलेला पोरगा. त्याच्यानंतर पंपमालक. खरं तर डिझेलवर पंपमालकाला लिटरमागं अडीच-तीन रुपयांच्या आसपास कमिशन मिळतं. दर ६० असो की ९५, त्यात फारसा फरक पडत नाही. उलट दर चढला की टँकर उचलायला त्याचं भांडवल जास्त अडकतं. मापात खोट असेल तर जरूर भांडा, पण दरासाठी त्याच्याशी भांडून काही उपयोग नाही.

मग दोष कुणाचा? अरबांचा, दिल्लीचा, मुंबईचा, की तेल कंपन्यांचा? गंमत अशी की या प्रश्नाचं उत्तर दर काही वर्षांनी बदलत गेलंय. म्हणून आज पीकपाण्याऐवजी जरा जुना इतिहास.

ऑक्टोबर १९७३ मध्ये इजिप्त-सीरिया विरुद्ध इस्रायल असं युद्ध पेटलं. अरब देशांनी तेलाचं उत्पादन कमी केलं आणि इस्रायलच्या पाठीराख्यांचं तेल तोडलं. बॅरलला ३ डॉलरच्या आसपास असलेला जाहीर दर जानेवारी १९७४ ला ११.६५ डॉलरवर गेला. तीन महिन्यांत जवळजवळ चौपट! आपला देश तेव्हा बहुतेक तेल बाहेरूनच आणत होता. सरकारनं पेट्रोलचे दर वाढवले, आणि नोव्हेंबर १९७३ मध्ये अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडीत बसून संसदेत आले. ते फोटो आजही फिरत असतात.

महाराष्ट्रात तो काळ कसा होता हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. १९७२ चा दुष्काळ नुकताच सोसलेला. विहिरी खोल गेलेल्या, वीज सगळीकडं पोचलेली नाही, त्यामुळं बऱ्याच ठिकाणी पाणी उपसायला किर्लोस्कर नाहीतर कूपरचं डिझेल इंजिन. नांगराला मात्र बैलच. म्हणजे तेल महागलं की तेव्हा पाणी महाग व्हायचं, नांगरट नाही. घरात दिव्याला आणि चुलीला रॉकेल, तेही रांगेत उभं राहून. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या बायांनी लाटणी-थाळ्या घेऊन महागाईविरुद्ध मोर्चे काढले ते याच सुमारास. पेट्रोल गाडीवाल्यांचं आणि रॉकेल गरिबाचं, अशी सरळ वाटणी होती.

त्यानंतर सरकारनं परदेशी कंपन्या ताब्यात घेतल्या. १९७४ ला एस्सो घेतली, तिची पुढं हिंदुस्थान पेट्रोलियम झाली. १९७६ ला बर्मा-शेल घेतली, ती भारत पेट्रोलियम. १९७४ मध्येच 'सागर सम्राट' जहाजानं मुंबईजवळच्या समुद्रात तेल शोधलं आणि १९७६ पासून बॉम्बे हायचं तेल यायला लागलं. एकूण काय, विहीर सरकारची, कारखाना सरकारचा, पंपावरचा फलकही सरकारी कंपनीचा. दर ठरवायचं ते दिल्लीच.

या पद्धतीत एक सामायिक खातं होतं, ऑइल पूल नावाचं. पेट्रोलवर जास्त वसूल करायचं आणि रॉकेल, गॅस, डिझेल स्वस्त ठेवायचं. एका गल्ल्यातून काढून दुसऱ्यात टाकायचं, तसंच. त्यात लफडी होती, रॉकेलची भेसळ होती, काळाबाजार होता. पण एक गोष्ट स्पष्ट होती. दर मंत्री जाहीर करायचा, त्यामुळं दोष कुणाला द्यायचा हे विचारायची गरज नव्हती. इराकनं १९९० मध्ये कुवेत गिळलं, तेल भडकलं, सरकारनं गल्फ सरचार्ज लावला, लोकांनी सरकारला शिव्या दिल्या. पुढच्या वर्षी परकीय चलनाची इतकी टंचाई झाली की देशाचं सोनं परदेशात गहाण टाकायला पाठवावं लागलं. त्याला एकटं तेल कारण नव्हतं, पण तेलाचं बिल हे मोठं कारण होतं.

पुढं पूल खातं तोट्यात गेलं आणि १ एप्रिल २००२ पासून ही पद्धत अधिकृतपणे बंद झाली. कागदावर बंद. व्यवहारात सरकार दर दाबूनच ठेवत होतं. जुलै २००८ मध्ये कच्चं तेल १४७ डॉलरपर्यंत चढलं, तरी दिल्लीत डिझेल ३५ रुपयांच्या आतच होतं. आज हे वाचून कुणी म्हणेल, वा, काय दिवस होते! थांबा. वरचा फरक कुणीतरी भरतच होतं. सरकारकडं रोख नव्हती, म्हणून कंपन्यांना रोख्यांचे कागद दिले. हेच ते ऑइल बॉण्ड. आपल्या भाषेत सांगायचं तर दुकानदाराला म्हटलं, लिहून ठेव, पुढच्या हंगामाला देतो. तो हंगाम आला तेव्हा सरकार दुसऱ्याचं होतं.

२५ जून २०१० ला पेट्रोलचा दर सरकारनं मोकळा केला. मे २०१२ मध्ये एका रात्रीत पेट्रोल सात रुपयांहून जास्त वाढलं, ३१ मेला भारत बंद झाला. डिझेल मात्र मोकळं करायला कुणाची हिंमत होईना, कारण डिझेल म्हणजे ट्रक, ट्रॅक्टर आणि एसटी. मग जानेवारी २०१३ पासून युक्ती काढली. महिन्याला ५० पैशांच्या आसपास वाढवत राहायचं. बेडूक आणि गरम पाण्याची गोष्ट तुम्हाला माहितीच आहे. त्याच वेळी घाऊक खरेदीदारांना बाजारभाव लावला. त्याचा परिणाम असा की डेपोत स्वतःचा पंप असलेल्या एसटीच्या गाड्या बाहेरच्या पंपांवर रांगेत दिसायला लागल्या, कारण किरकोळ दर घाऊकपेक्षा कमी! १८ ऑक्टोबर २०१४ ला नव्या सरकारनं डिझेलही पूर्ण मोकळं केलं.

इथून पुढचा भाग नीट वाचा, कारण खरा वाद इथला आहे.

दर मोकळा केला याचा अर्थ जगात तेल महागलं तर इथं महाग आणि जगात उतरलं तर इथं स्वस्त. निदान सांगितलं तरी तसंच होतं. आणि तेल उतरलंच. जून २०१४ मध्ये ११० डॉलरच्या पुढं असलेलं तेल जानेवारी २०१६ मध्ये ३० डॉलरच्या खाली गेलं. पण नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात केंद्रानं अबकारी कर नऊ वेळा वाढवला. पेट्रोलवर लिटरला ११.७७ रुपये, डिझेलवर १३.४७ रुपये. म्हणजे महागलेलं तेल आपल्यापर्यंत पोचलं, स्वस्त झालेलं वाटेतच अडवलं गेलं.

कोरोनात तर कहर. २० एप्रिल २०२० ला अमेरिकेतल्या तेलाचा वायदा शून्याच्या खाली, उणे ३७ डॉलरवर गेला. ठेवायला जागा नाही म्हणून पैसे देऊन तेल घेऊन जा म्हणण्याची वेळ. आपल्याकडं मार्चमध्ये कर ३ रुपये वाढला होताच. मे महिन्यात एका दणक्यात पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये वाढवले. २०१४ च्या मध्याला डिझेलवर केंद्राचा कर लिटरला ३.५६ रुपये होता, तो तेव्हा ३१.८३ झाला. जूनच्या अखेरीस दिल्लीत डिझेल पेट्रोलपेक्षा महाग झालं. असं आधी कधीच घडलं नव्हतं.

आता हे शेताच्या बांधावर आणून मोजू. माझ्या वहीप्रमाणं नांगरट, रोटाव्हेटर, पेरणी, मळणी आणि वाहतूक धरून एकरी एका हंगामाला सुमारे २० लिटर डिझेल लागतं. जमीन भारी असेल तर जास्त, हलकी असेल तर कमी. पाच एकरवाला, दोन हंगाम, म्हणजे वर्षाला २०० लिटर. गुणिले ३१.८३, म्हणजे ६,३६६ रुपये. हा फक्त केंद्राचा कर. पीएम किसानचे वर्षाला किती येतात? ६,०००. ट्रॅक्टर भाड्यानं लावला तरी हे पैसे भाड्यातून जातातच, नाव तेवढं ट्रॅक्टरवाल्याचं खराब होतं.

टीका झाली तेव्हा अर्थमंत्र्यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितलं की आधीच्या सरकारच्या ऑइल बॉण्डमुळं कर कमी करता येत नाही. उधारी होती हे खरंच, ती वर लिहिलीच आहे. मुद्दल १.३० लाख कोटींच्या आसपास शिल्लक होतं आणि सात वर्षांत सुमारे ७० हजार कोटी व्याज गेलं होतं. पण २०२०-२१ या एकाच वर्षात पेट्रोल-डिझेलच्या अबकारी करातून केंद्राला सुमारे ३.३५ लाख कोटी मिळाले. त्यातले २.३३ लाख कोटी डिझेलचे. सगळी उधारी व्याजासकट एका वर्षात फिटून वर उरली असती. म्हणून हे कारण मला पटत नाही. साथीच्या काळात सरकारला पैसा लागत होता, दुसरीकडून येत नव्हता, म्हणून इथून घेतला, असं सरळ सांगितलं असतं तर निदान चर्चा तरी झाली असती.

आणखी एक मेख आहे. फेब्रुवारी २०२१ नंतर डिझेलवरच्या ३१.८० रुपयांपैकी राज्यांना वाटा मिळणारा मूळ कर फक्त १.८० रुपये होता. बाकी सगळे सेस आणि जादा कर, त्यात राज्यांचा हिस्सा नाही. त्यातलाच एक 'कृषी पायाभूत सुविधा आणि विकास सेस', डिझेलवर लिटरला ४ रुपये. शेतीच्या नावानं लावलेला आणि शेतकऱ्यानंही भरायचा.

पण राज्य धुतल्या तांदळासारखं आहे असं समजू नका. ऑक्टोबर २०१५ पासून महाराष्ट्रानं दुष्काळासाठी म्हणून पेट्रोल-डिझेलवर लिटरला २ रुपये लावले. दुष्काळ कुणाचा? आपला. पैसे कुणाकडून? टँकरला डिझेल भरणाऱ्या आपल्याकडूनही. पाऊस पडला, धरणं भरली, तरी तो बोजा काही लगेच उतरला नाही. २०१७ मध्ये महामार्गावरची दारू दुकानं बंद झाली, महसूल बुडाला, तर पेट्रोलवरचा अधिभार वाढला. शिवाय व्हॅट टक्क्यांत. डिझेलवर तेव्हा मुंबई-ठाणे-नवी मुंबई सोडून उरलेल्या महाराष्ट्रात २१ टक्के होता. टक्केवारी म्हणजे मूळ दर आणि केंद्राचा कर वाढला की राज्याचंही आपोआप वाढतं, काही न करता. म्हणून बोट केंद्राकडं आणि हात गल्ल्यात, असा कारभार. पेट्रोल-डिझेल जीएसटीत आणायचा विषय सप्टेंबर २०२१ मध्ये लखनौच्या बैठकीत आला तेव्हा ती वेळ नाही म्हणून तो बाजूला पडला. सगळ्या पक्षांची सरकारं त्या खोलीत होती.

परभणीकरांचं दुःख वेगळंच. इंधन मनमाडकडच्या डेपोतून टँकरनं लांबून यायचं, वाहतूक वाढायची, त्यामुळं राज्यातलं सगळ्यात महाग पेट्रोल कित्येकदा परभणीत. २०१८ मध्ये नव्वदी आधी ओलांडली ती तिथंच.

आणि बैलगाडी? ती परत आली. जुलै २०२१ मध्ये मुंबईत काँग्रेसनं इंधन दरवाढीविरुद्ध बैलगाडी मोर्चा काढला, माणसं इतकी चढली की गाडी मोडली आणि पुढारी खाली आले. १९७३ ला गाडीत जनसंघ होता, आता काँग्रेस. बैलांना काही विचारलं नव्हतं. आपल्याकडं तर आता चांगली जोडी घ्यायची म्हटलं तर लाखाच्या पुढं बोला, आणि सांभाळायला गडी नाही. १९७३ ला तेल महागल्यावर आजोबा बैलांवर भागवू शकत होते. आपल्याला ती वाट राहिलेली नाही.

नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये केंद्रानं डिझेलवरचा कर मिळून १६ रुपयांनी उतरवला. जुलै २०२२ मध्ये राज्यानं डिझेल ३ रुपयांनी कमी केलं. त्याआधी उत्तर प्रदेशासह पाच राज्यांच्या निवडणुका होत्या, तेव्हा नोव्हेंबर २०२१ ते मार्च २०२२ रोज बदलणारा 'मोकळा' दर १३७ दिवस हललाच नाही. युक्रेनच्या युद्धानं तेल भडकलं असतानाही. त्या काळात कंपन्यांना तोटा झाला हे मान्य. पण पुढं तेल उतरलं आणि २०२३-२४ मध्ये तिन्ही सरकारी कंपन्यांनी विक्रमी नफा मिळवला, तरी पंपावरचा आकडा तोच.

तो हलला १५ मार्च २०२४ ला. २ रुपयांनी. लोकसभेची निवडणूक दुसऱ्या दिवशी जाहीर झाली. एकरी २० लिटरच्या हिशोबानं ४० रुपये वाचले.