गोळेश्वरच्या पदकाचा खर्च

कराडला लागूनच असलेल्या गोळेश्वरच्या खाशाबा दादासाहेब जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. १९०० मध्ये पॅरिसला नॉर्मन प्रिचर्डने दोन रौप्यपदके मिळवली होती, म्हणून ‘स्वतंत्र’ हा शब्द इथे गाळून चालत नाही. ही हकिकत सहसा दोन प्रकारे सांगितली जाते: एकट्या पैलवानाचा पराक्रम म्हणून, नाहीतर उपेक्षेचे रडगाणे म्हणून. दोन्हींत हिशेबाची वही उघडली जात नाही. ती उघडली की दिसते ते असे: सातारा, सांगली आणि कोल्हापूर या पट्ट्यात पैलवान पोसण्याची एक जुनी व्यवस्था होती आणि तिने हे पदक उभे केले. ती मावळत असताना तिचा भार ज्यांनी उचलायला हवा होता त्यांनी तो उचलला नाही. खाशाबांची उपेक्षा हा त्याचाच परिणाम.

या व्यवस्थेची पहिली पायरी घरातच होती. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, खाशाबा पाच भावांत धाकटे. त्यांचे पहिले वस्ताद वडीलच. दुसरी पायरी तालमीची आणि जत्रेची. कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात गावच्या यात्रेला मैदान भरते. पोरांची कुस्ती नारळावर सुटते आणि पुढे एकेका जोडीसरशी इनाम वाढत जाते. हा पैसा गावच्या वर्गणीतून येतो. त्यामुळे शेतकऱ्याच्या पोराचा खुराक काही अंशी गावाच्या खिशातून भागे. तिसरी पायरी संस्थानी आश्रयाची. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबाग मैदान बांधून कोल्हापूर कुस्तीची पेठ केली होती. कराडच्या टिळक हायस्कुलातून खाशाबा पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकचा त्यांचा खर्चही कोल्हापूरच्या महाराजांनीच केला. तिथे ते फ्लायवेट गटात सहावे आले.

यावर एक रास्त आक्षेप येतो. माती हीच जर शाळा असेल, तर तिथे शिकलेला पैलवान गादीवर का अडखळला? मातीत पाठ लावली की कुस्ती संपते, तर ऑलिंपिकमध्ये गुण मोजले जातात आणि मातीची पकड गादीवर मिळत नाही. लंडनमध्ये खाशाबा या नियमांना नवखे होते, हे खरेच. पण चार वर्षांनी बँटमवेट गटात उतरून त्यांनी कॅनडा आणि मेक्सिकोच्या मल्लांना हरवले, ते मातीत शिकलेल्या डावांच्या बळावरच. त्यांचा हुकमी डाव ढाक: प्रतिस्पर्ध्याची मान काखेत आवळायची, कंबर आत घालायची आणि त्याला अंगावरून फेकायचे. या डावाला वेग आणि वेळ साधण्याची नजर लागते आणि ती तालमीतच येते. शिवाय खाशाबा या भागातले एकटे नव्हते. सांगलीकडचे कवठेपिरानचे मारुती माने आणि शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर दहा वर्षांनी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेतून पदके घेऊनच परतले. मातीचा कस कमी नव्हता. कमी होती ती गादी, परदेशातल्या लढती आणि त्यांचा खर्च.

हेलसिंकीच्या वेळी ही उणीव उघडी पडली. संस्थान विलीन झाले होते आणि सरकारची मदत अपुरी होती. गावाने आणि ओळखीपाळखीच्यांनी वर्गणी काढली. तरी कमी पडले, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले. प्रत्यक्ष स्पर्धेत जपानच्या शोहाची इशीशी झालेल्या दीर्घ लढतीनंतर खाशाबांना विश्रांती न मिळता सोव्हिएत मल्लासमोर उतरावे लागले आणि त्यांची बाजू मांडायला भारतीय अधिकारी जवळ नव्हता, असे त्यांच्या चरित्रकथांत सांगितले जाते. इथे कोणी म्हणेल, गहाण घराचे गोडवे गाणे म्हणजे भाबडेपणा. हे मान्यच करायला हवे. प्राचार्याला घर गहाण टाकावे लागते ही अभिमानाइतकीच लाजेची गोष्ट आहे, आणि वर्गणीवर एक पैलवान जाऊ शकतो, पिढी जात नाही. म्हणूनच गावाचे औदार्य सरकारच्या जबाबदारीला पर्याय ठरत नाही. गावाने हात दिला म्हणून सरकारला हात झटकता आले, एवढेच.

पदकानंतरचे आयुष्य याचीच साक्ष देते. कराड स्टेशनवरून बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. सरकारी नोकरी मात्र १९५५ मध्ये मिळाली, तीही पोलिसांत उपनिरीक्षकाची, आणि बढती वर्षानुवर्षे रखडली. नोकरी दिली, मग उपेक्षा कसली, असे विचारता येईल. पण पदक जिंकणाऱ्याचे ज्ञान पुढच्या पोरांपर्यंत पोहोचवणारी व्यवस्था उभी राहिली नाही, हा खरा प्रश्न. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. गोळेश्वरला कुस्ती अकादमी व्हावी म्हणून मुलगा रणजित यांना वर्षानुवर्षे पाठपुरावा करावा लागला आणि २०१७ मध्ये ते पदकच लिलावात काढण्याची भाषा कुटुंबाने केली. भारताला कुस्तीतले दुसरे ऑलिंपिक पदक मिळायला २००८ साल उजाडावे लागले. या सगळ्या हिशेबात चुकते झालेले देणे एकच: खर्डेकरांचे. ते खाशाबांनी हेलसिंकीहून परतल्यावर कुस्तीची मैदाने भरवून फेडले.