माउस इव्हेंट

माउस इव्हेंट : डेस्कटॉप संगणकावर माउसने काय केले हे प्रोग्रॅमला कळवणारी नोंद. बटण दाबले, सोडले, कर्सर हलला, विंडोत शिरला किंवा बाहेर पडला, चाक फिरले, की अशी नोंद तयार होते. तीत कर्सरचे स्थान, बटण, शिफ्ट-कंट्रोल कळांची स्थिती आणि सहसा मिलिसेकंदांतली वेळ असते. नोंदी रांगेत लागतात. प्रोग्रॅमचा मुख्य लूप त्या एकेक उचलून संबंधित विंडोकडे सोपवतो.

पूर्वपीठिका : डग्लस एंगेलबार्ट व बिल इंग्लिश यांचा पहिला माउस १९६४ च्या सुमाराचा, जाहीर प्रात्यक्षिक ९ डिसेंबर १९६८, सॅन फ्रॅन्सिस्को. झेरॉक्स ऑल्टोच्या (१९७३) माउसला तीन बटणे होती, मॅकिंटॉशच्या (१९८४) माउसला एकच. स्मॉलटॉक-८० या प्रोग्रॅमिंग प्रणालीत कंट्रोलर हा घटक माउसची स्थिती स्वतःच पुन्हापुन्हा विचारून घेई. पुढे विचारण्याऐवजी इव्हेंटची वाट पाहण्याची पद्धत रूढ झाली.

पकड : या विषयातला सर्वांत महत्त्वाचा भाग, आणि पाठ्यपुस्तकांत सर्वांत त्रोटक. स्क्रोलबारचा ठोकळा ओढताना कर्सर सहज विंडोबाहेर जातो व बटण तिथेच सुटते. सुटल्याची खबर दुसऱ्याच विंडोला गेली तर मूळ प्रोग्रॅम बटण दाबलेलेच समजतो आणि ठोकळा कर्सरमागे फिरत राहतो. म्हणून दाबल्याची व सोडल्याची खबर घेणारी विंडो एकच असावी लागते. युनिक्सवरील एक्स११ (१९८७) या विंडो-प्रणालीत बटण दाबताच सर्व्हर ही पकड आपोआप देतो व सगळी बटणे सुटेपर्यंत ठेवतो. विंडोजमध्ये प्रोग्रॅमरला ‘सेटकॅप्चर’ने ती मागावी आणि ‘रिलीजकॅप्चर’ने सोडावी लागते. ओढणे चालू असतानाच दुसऱ्या विंडोने पकड घेतली तर ‘कॅप्चरचेंज्ड’ संदेश येतो. त्या क्षणी अर्धवट ओढणे रद्द करून सर्व पूर्ववत केले पाहिजे. केवळ ‘बटण सुटले’ या संदेशावर विसंबून लिहिलेला प्रोग्रॅम इथे हमखास अडकतो; चांगल्या प्रोग्रॅमची पारख इथेच करावी.

डबल-क्लिक : एक्स११ च्या मूळ प्रोटोकॉलमध्ये असा इव्हेंटच नाही, दोन दाबण्यांमधली वेळ व अंतर पाहून टूलकिट तो ठरवते. विंडोजमध्ये तो आहे, पण ज्या विंडो-वर्गाने मागितला त्यालाच मिळतो. मुदत मुळात ५०० मिलिसेकंद. क्रम असा : दाबले, सुटले, डबल-क्लिक, सुटले. म्हणजे साध्या क्लिकचे काम आधी होऊनच जाते. त्यामुळे डबल-क्लिकचे काम त्याच्याच पुढचे ठेवावे : एका क्लिकने फाइल निवडावी, दोनने उघडावी.

हालचाल : कर्सरच्या प्रत्येक हालचालीचा स्वतंत्र इव्हेंट मिळतोच असे नाही. विंडोज हे संदेश रांगेत साठवत नाही. प्रोग्रॅमने संदेश मागितला की त्या वेळचे स्थान देते. प्रोग्रॅम संथ असेल तर मधले बिंदू गळतात, आणि चित्रकलेच्या प्रोग्रॅममध्ये वळणदार रेघ कोनाकोनांची होते. विंडोजकडे शेवटच्या ६४ बिंदूंचा इतिहास असतो. तो मागून रेघ सुधारता येते. एक्स११ मध्ये उलट सोय आहे : केवळ ‘हलला’ एवढी सूचना घ्यायची आणि सवडीने स्थान विचारायचे. दोन्ही पद्धतींत हालचालीच्या इव्हेंटमध्येच जड रेखाटन करणे टाळावे. तिथे नुसते स्थान टिपावे व रेखाटन पुढच्या फेरीवर सोपवावे.

उजवे बटण : विंडोजमध्ये संदर्भ-मेन्यू बटण सोडल्यावर उघडतो, मॅकवर दाबताच. म्हणून जावा प्रोग्रॅममध्ये ‘इजपॉपअपट्रिगर’ ही तपासणी दाबणे व सोडणे या दोन्ही इव्हेंटांत लिहावी लागते.

चाक : एक्स११ मध्ये उभे चाक फिरवणे म्हणजे ४ व ५ क्रमांकांची बटणे दाबणे. विंडोजमध्ये एका टप्प्याचे मूल्य १२०. नाजूक चाके त्याहून लहान मूल्ये देतात, ती साठवून बेरीज करावी.

वेलँड : एक्स११ ऐवजी आलेल्या या प्रोटोकॉलात प्रोग्रॅमला कर्सरचे स्थान आपल्या पृष्ठभागापुरतेच कळते; संपूर्ण पडद्यावरचे विचारता येत नाही.