लहान मुलांमधील न्यूरोसिस्टिसर्कोसिस

न्यूरोसिस्टिसर्कोसिस हा टीनिया सोलियम या पट्टकृमीच्या अळ्या मेंदूत पुटीच्या रूपाने राहिल्यामुळे होणारा संसर्ग आहे. भारतात लहान मुलांना येणाऱ्या आकडीमागील हे एक महत्त्वाचे कारण असून योग्य उपचारांनी बहुतेक मुले बरी होतात.

संसर्ग

डुकराचे अर्धेकच्चे मांस खाल्ल्याने माणसाच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो. मेंदूतील आजार मात्र त्या माणसाच्या विष्ठेतील अंडी अन्न, पाणी किंवा अस्वच्छ हातांवाटे दुसऱ्याच्या अथवा त्याच्याच पोटात गेल्याने होतो. त्यामुळे पूर्णतः शाकाहारी कुटुंबातील मुलांनाही तो होऊ शकतो.

निदान

जिवंत पुटी अनेकदा वर्षानुवर्षे त्रास देत नाही. ती मरू लागली की शरीराची प्रतिकारशक्ती तिच्यावर तुटून पडते, भोवती सूज येते आणि आकडी येते. भारतीय मुलांमध्ये सीटी स्कॅनवर बहुधा अशी एकच लहान, कड्यासारखी गाठ दिसते. पूर्वी या गाठी क्षयाच्या समजून मुलांना दीर्घकाळ क्षयाची औषधे दिली जात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील वेदांतम राजशेखर व मॅथ्यू चांडी यांनी शस्त्रक्रियेने काढलेल्या अशा गाठी तपासून त्यांतील अनेक सिस्टिसर्कसच्या असल्याचे दाखवले. 1993 साली त्यांच्या गटाने दोहोंतील फरकाचे निकष मांडले. त्यांनुसार 20 मिलिमीटरपेक्षा लहान, गोल आणि मेंदूची मध्यरेषा न सरकवणारी गाठ सहसा सिस्टिसर्कसची असते.

उपचार

परजीवी मारणे हेच प्रत्येक वेळी पहिले काम नसते. आकडी थांबवणे आणि मेंदूवरील दाब व सूज आटोक्यात आणणे याला प्राधान्य असते.

एक किंवा दोन पुटी असल्यास अल्बेंडाझोल दररोज प्रतिकिलो वजनामागे 15 मिलिग्रॅम, दोन मात्रांत विभागून, 10 ते 14 दिवस देतात. स्निग्ध जेवणासोबत ते अधिक शोषले जाते. दोनपेक्षा जास्त जिवंत पुटी असल्यास प्राझिक्वान्टेलची जोड देतात. पुटी मरताना सूज वाढत असल्याने स्टेरॉइड आधीच सुरू करतात. तत्पूर्वी डोळ्यांचा पडदा तपासणे आवश्यक असते, कारण डोळ्यातील पुटीभोवती सूज आल्यास दृष्टी जाऊ शकते. शाळेत जंतनाशक दिनी मिळणारी अल्बेंडाझोलची एक गोळी हा या आजारावरील उपचार नव्हे.

चंदीगडच्या पीजीआय संस्थेतील मुलांवर झालेल्या, 1998 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अल्बेंडाझोल घेतलेल्यांच्या गाठी औषधविरहित गटापेक्षा लवकर नाहीशा झाल्या.

याउलट मेंदूत असंख्य पुटी व तीव्र सूज असल्यास परजीवीनाशक औषध घातक ठरू शकते. अशा मुलांना फक्त सूज कमी करणारी औषधे देतात. पुटी कॅल्शियम साचून टणक झालेली असेल, तर मारण्यासारखे काही उरलेलेच नसते. मेंदूच्या पोकळीतील पुटीने द्रवाचा मार्ग अडवल्यास शस्त्रक्रिया करतात.

आकडीविरोधी औषधे

ही औषधे पालकांनी स्वतःहून बंद करणे धोक्याचे असते. एकच गाठ पूर्ण विरघळली, मागे कॅल्शियमचा ठिपका राहिला नाही आणि सहा महिने आकडी आली नाही, तर डॉक्टर ती हळूहळू कमी करतात. ठिपका राहिलेल्या मुलांमध्ये आकडी परतण्याची शक्यता अधिक असल्याने औषध जास्त काळ चालू ठेवावे लागते. घरातील कोणाच्या पोटात पट्टकृमी असल्यास त्याच्यावरही उपचार करतात, अन्यथा मुलाला पुन्हा संसर्ग होऊ शकतो.