काळी आणि पांढरी : मिसर देशाकडे जाणारी एक वाट

दिवाळी उलटली कीं मानवतच्या बाजारांत कापसाच्या गाड्यांची रांग लागते. हा कापूस जिच्यांतून आला ती जमीन, आणि तो पिकविणारा जेथें राहतो ती जमीन, या दोहोंना आमच्या परभणी जिल्ह्यांतच काय, साऱ्या महाराष्ट्रांत दोन निरनिराळीं नांवें आहेत. जी पिकते ती काळी, आणि जिच्यावर गांव वसतें ती पांढरी. पडलेल्या भिंती, चुलींतली राख, उकिरडा आणि फुटकीं मडकीं यांचे थर पिढ्यान् पिढ्या एकावर एक चढून जें फिकट मातीचें टेकाड तयार होतें, तीच पांढरी होय. मिसर देश पाहावयास निघालेल्या, किंवा घरीं बसून त्याविषयीं वाचणाऱ्या जिज्ञासु वाचकानें हीं दोन नांवें बरोबर घ्यावीं, असें आम्हांस सुचवावयाचें आहे. पिरॅमिड आणि ममी यांच्या वाटेनें जाणारास मिसरचे राजे भेटतात. मिसरचा कुणबी, विणकर आणि गवंडी भेटावयाचा असेल, तर वाट काळी-पांढरीवरून जाते.

प्रथम काळी. प्राचीन मिसरी लोक आपल्या देशास ‘केमेत’ म्हणत. या शब्दाचा अर्थच काळी भूमि असा आहे. नाईलच्या दोन्ही कांठांवरील चिंचोळ्या पट्ट्यापलीकडे जें वाळवंट पसरलें आहे, त्यास ते तांबडी भूमि म्हणत. मिसरांत पाऊस नांवापुरताच पडतो. परंतु दूर दक्षिणेस हबसाणच्या, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या, डोंगरांवर पावसाळा सुरू झाला म्हणजे नाईलला पूर येई, आणि ओसरतांना तो शेतांवर गाळाचा थर टाकून जाई. मौज अशी कीं, हबसाणचे ते डोंगर आपल्या सह्याद्रीप्रमाणेंच लाव्हाच्या थरांचे बनलेले आहेत. म्हणजे मानवतची काळी आणि नाईलकांठची काळी या एकाच जातीच्या खडकाच्या लेकी होत. पुरावरच मिसरी लोकांचें वर्ष बेतलेलें असे : चार महिने पुराचे, चार पेरणीचे व वाढीचे, आणि चार कापणीचे. १९७० सालीं आस्वानचें मोठें धरण पुरें झाल्यापासून मात्र हा पूर इतिहासजमा झाला असून आजच्या प्रवाशास तो पाहावयास मिळत नाहीं.

आतां पांढरी. मिसरच्या राजांचीं थडगीं व देवळें दगडाचीं. परंतु राहतीं घरें, राजवाड्यांसकट, कच्च्या विटांचीं. तीं पडत, त्यांवर नवीं उठत, आणि गांवाखालचें टेकाड वाढत जाई. ही जुनी माती खतासारखी गुणकारी. म्हणून मिसरी शेतकरी ती उकरून, गाढवांवर लादून, शेतांत नेऊन टाकीत. तिला ते ‘सबाख’ म्हणत. आमच्याकडे पांढरीची माती गाड्या भरभरून शेतांत नेतात, तोच हा प्रकार. १८८७ सालीं अमार्ना येथें अशीच माती उकरतांना एका खेडवळ बाईस बाणाकृति अक्षरें कोरलेल्या मातीच्या वड्या सांपडल्या. इ. स. पूर्वीं चौदाव्या शतकांत आसपासच्या राजांनीं मिसरच्या दरबाराशीं केलेला पत्रव्यवहार त्यांवर होता! पुढें १८९६-९७ च्या हिवाळ्यांत ग्रेनफेल व हंट हे दोन इंग्रज विद्वान् ऑक्सिरिंकस या गांवाचे जुने उकिरडे खणूं लागले. तेथून पपायरसाचे लाखों तुकडे निघाले. त्यांत काव्यग्रंथ होते, तसे करारनामे, कराच्या पावत्या आणि घरगुती पत्रेंही होतीं. बारा वर्षांनीं उकिरड्याचेंही दैव पालटतें म्हणतात. या उकिरड्यास मात्र दीड हजार वर्षें थांबावें लागलें. तत्पूर्वीं अशीच किती माती, तिच्यांत काय आहे हें न पाहतां, शेतांत गेली असेल, याचा हिशेब कोण देणार?

अशा टाकाऊ वस्तूंतून जीं माणसें डोकावतात तीं आपल्या ओळखीचीं निघतात. राजांचीं थडगीं खोदणाऱ्या कारागिरांची वस्ती दैर अल्-मदीना येथें होती. तेथील एका चुनखडीच्या चिपेवर, इ. स. पूर्वीं सुमारें १२५० च्या वेळची, कामावरील गैरहजेरीची नोंद आहे. ती आज ब्रिटिश म्युझियममध्यें आहे. कोणी आजारी, कोणाच्या डोळ्यांस विकार, कोणास विंचू चावलेला, कोणी आईच्या प्रेतास कापड गुंडाळण्यासाठीं गेलेला, तर कोणी घरीं मद्य गाळीत राहिलेला! याच वस्तीनें तिसऱ्या रामसेसच्या कारकीर्दींत, इ. स. पूर्वीं ११५७ च्या सुमारास, पगाराचें धान्य थकलें म्हणून काम बंद पाडलें. संपाची याहून जुनी लेखी नोंद आढळलेली नाहीं.

आईच्या प्रेतास गुंडाळावयाच्या ज्या कापडाचा येथें उल्लेख आला, तसलें कापड ल्यालेली एक मिसरी स्त्री आपल्या जवळच आहे. मानवत १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. त्या राज्याची राजधानी जें हैदराबाद, तेथील सरकारी संग्रहालयांत एका तरुण स्त्रीची ममी आहे. सहाव्या निजामाचे जांवई नझीर नवाज जंग यांनीं ती १९२० च्या सुमारास एक हजार पौंडांस विकत घेतली, आणि १९३० सालीं ती या संग्रहालयास मिळाली. मुलांना ती दाखवितांना कोणी भुताची गोष्ट सांगूं नये. ती कोणाची तरी लेक होती, आणि तिच्या माणसांनीं परलोकच्या प्रवासासाठीं तिला जपून कापडांत गुंडाळविलें. तें कापड जवसाचें. आपण ज्याच्या बियांची चटणी करतों, त्याच झाडाच्या सालीच्या तंतूंचें. मिसरचें खरें कापड तें हें. सुती कापडाची कीर्ति त्या काळीं हिंदुस्थानची.

आणि हें सुती कापड मिसरला जात असे. इ. स. च्या पहिल्या शतकांत मिसरांतील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें आपल्या समुद्रमार्गाचें जें वर्णन लिहिलें, तें ‘पेरिप्लस’ या नांवानें प्रसिद्ध आहे. त्यांत आमच्या मराठवाड्यांतील दोन शहरें येतात. भडोचेहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यांतील तेर. पैठणाहून अकिकाच्या जातीचे खडे, आणि तगराहून जाडेंभरडें तसेंच तलम कापड गाड्यांवर लादून बिकट वाटेनें भडोचेस येई, असें तो सांगतो. परंतु तें कापड आज तेरास शोधून मिळावयाचें नाहीं. आमच्या पावसाळी जमिनींत सूत टिकत नाहीं. तें टिकलें मिसरच्या कोरड्या वाळूंत. तांबड्या समुद्रावरील बेरेनिके या ओसाड बंदरांत १९९४ सालीं उत्खनन सुरू झालें. तेथें भारतीय घडणीच्या रांजणांत भरलेलीं सुमारें साडेसात किलो मिरीं निघालीं, सागवानाचीं लांकडें निघालीं, आणि सुती चिंध्याही निघाल्या. मिसरचे कातणारे धाग्यास एका बाजूस पीळ देत, हिंदुस्थानचे त्याच्या उलट बाजूस. त्यामुळें चिंधी कोठली हें अभ्यासकांस बहुधा पिळावरूनच ओळखतां येतें. याच बंदरांत सांपडलेलीं सातवाहनांचीं दोन नाणीं आणि बुद्धाची एक संगमरवरी मूर्ति यांची वार्ता २०२३ सालीं प्रसिद्ध झाली. सातवाहनांचें पैठण मानवतप्रमाणेंच गोदेच्या खोऱ्यांत आहे, हें वाचकांस सांगावयास नको.

आमच्या पूर्वजांच्या हातचा पीळ परक्याच्या वाळूनें सांभाळला. आमच्या हवेंत सूत टिकत नाहीं, हा कोणाचा अपराध नव्हे. परंतु मणि, मुद्रा, नाणीं, मातीच्या मूर्ति, हस्तिदंत, एवढें तर आमच्या पांढरींतही टिकतें. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनीं गांवच्या परिसरांतील अशा वस्तु गोळा केल्या, आणि आज त्यांच्या नांवाचें सरकारी संग्रहालय तेथें उभें आहे. तेरास मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ति पाहून अभ्यासकांस इटलींतील पाँपेई येथें १९३८ सालीं सांपडलेल्या मूर्तीची आठवण होते. एका गांवांतील एका माणसाच्या चोखंदळ नजरेनें हें साधलें. तशी नजर नसलेल्या गांवांची पांढरी मात्र गाडीगाडीनें शेतांत पसरत असते.

म्हणून मिसरास जाणारानें पिरॅमिड अवश्य पाहावे. परंतु तेथील संग्रहालयांत चिंध्या, खापऱ्या आणि फाटके कागद जेथें मांडले असतील त्या दालनांतही घटकाभर उभें राहावें. आणि परत आल्यावर, गांवच्या पांढरीवर माती भरणारी गाडी दिसली, तर तिला क्षणभर थांबवून ती माती एकदां चाळून पाहावयास सांगावें. अमार्नाच्या त्या बाईनेंही शेतासाठीं मातीच उकरली होती.